बॅटरी मेली की नुसती रुसली? पाण्यावरच्या लिथियम पॅकची तपासणी, आणि त्यातलं काय वाचतं

धार-देवासकडे मासे समुद्राचे नसतात, नर्मदेचे असतात. देवास जिल्ह्यात नेमावरच्या सिद्धनाथाच्या घाटापासून खाली धार जिल्ह्यात खलघाट, धरमपुरी, निसरपूरपर्यंत नदी कुठे वाहते, कुठे धरणाच्या फुगवट्यात थांबते. वर इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर, खाली सरदार सरोवर. या फुगवट्यांवर जाळं टाकणारी घरं आहेत, नाव चालवून पोट भरणारी घरं आहेत. पवारांच्या संस्थानांमुळे धार आणि देवास या दोन्ही गावांत मराठी पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते, त्यामुळे आजचा विषय तिकडच्या वाचकांसाठी आधी आणि कोकणातल्या वॉटर स्पोर्ट्सवाल्या बोटमालकांसाठी त्याच्या बरोबरीनं.

विषय आहे लिथियम बॅटरीचा. इंदिरा सागरवर हनुवंतियाला पर्यटन सुरू झालं, मालवण-तारकर्लीला तर ते केव्हाचंच आहे. त्यासोबत बॅटरीवर चालणाऱ्या गोष्टी पाण्यात उतरल्या: कयाकला लावायची छोटी मोटर, बॅटरीचा सर्फबोर्ड, पाण्याखाली ओढून नेणारा स्कूटर, नावेच्या मागे लावायचं बिनधुराचं आउटबोर्ड. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित अधिकरणाच्या भोपाळ खंडपीठानं भोपाळच्या मोठ्या तलावातली डिझेलची क्रूझ आणि मोटरबोटी बंद करायला सांगितल्या. पिण्याच्या पाण्यावर धुराचं मशीन नको, हा विचार आता मागे जाणार नाही. म्हणजे बॅटरीची नाव आज ना उद्या आपल्या दारात येणारच.

आणि या सगळ्यात महाग वस्तू कोणती? मोटर नव्हे, बॅटरी. ती एका हंगामात बंद पडली की घरात दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "भंगारात घाल." दुसरा म्हणतो, "ई-रिक्षावाल्याकडे उघडून घेऊ." पहिल्यात पैसा बुडतो. दुसऱ्यात, नीट माहिती नसेल तर, घर पेटतं. मधला रस्ता आहे, तो पायरीपायरीनं सांगतो.

पॅकच्या पोटात असतं काय?

पेटी उघडली की आत बोटाएवढ्या गोल सेलची फौज दिसते. बहुतेक पॅकमध्ये १८६५० किंवा २१७०० नावाचे सेल असतात. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, एवढंच. लिथियम-आयन सेल बाजारात पहिल्यांदा आणला सोनी कंपनीनं, १९९१ साली. तेव्हा तो कॅमेऱ्यासाठी होता, आज तोच नाव ओढतोय.

एक सेल साधारण ३.७ व्होल्टचा. पूर्ण भरला की ४.२, आणि ३ च्या खाली गेला की रिकामा समजायचा. एवढ्याशा व्होल्टवर मोटर चालत नाही, म्हणून सेल दोन प्रकारे जोडतात. बाजूबाजूला जोडून एक गट करतात, त्यानं अँपिअर वाढतात. मग असे गट एकामागे एक जोडतात, त्यानं व्होल्ट वाढतात. "१४ एस ८ पी" लिहिलेलं असेल तर अर्थ असा: ८ सेलचा एक गट, असे १४ गट एका माळेत. म्हणजे ११२ सेल. साधे ५१.८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ५८.८.

काही पॅक लोह-फॉस्फेटचे असतात. त्यांचा सेल ३.२ व्होल्टचा, भरल्यावर ३.६५. ते वजनाला जड, पण स्वभावानं शांत. आपला पॅक कोणत्या जातीचा हे लेबलवर बघितल्याशिवाय पुढचा एकही आकडा लावू नका. खाली दिलेले आकडे ३.७ व्होल्टवाल्या जातीचे आहेत.

माळेवर राखणदार बसवलेला असतो, त्याला बीएमएस म्हणतात. हिरवी किंवा निळी पाटी, तिच्यातून प्रत्येक गटाला एकेक बारीक वायर गेलेली. कुठलाही एक गट फार खाली गेला, फार वर गेला, किंवा पॅक तापला, तर हा राखणदार सगळ्या पॅकचा दरवाजा बंद करतो. "बॅटरी मेली" असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा बॅटरी मेलेली नसते. राखणदारानं कडी लावलेली असते. का लावली, हे शोधायचं म्हणजेच तपासणी.

हात लावण्याआधी

हा भाग वगळून पुढे जाऊ नका.

पॅक फुगलाय, नुसता ठेवलेला असताना कोमट लागतोय, नेलपॉलिशसारखा गोडसर उग्र वास येतोय, शिसकारल्यासारखा आवाज येतोय: यातलं एक जरी असेल तर तपासणी संपली. तो पॅक उघडायचा नाही, चार्जिंगला लावायचा नाही. घर, नाव आणि जाळी यांच्यापासून निदान ५० फूट लांब, उघड्यावर, सावलीत ठेवायचा. नायलॉनचं जाळं कसं पेटतं हे सांगायला नको.

पॅक चांगला दिसत असला तरी पेटी उघडणारा माणूस एकटा नसावा. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवायची, डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. पान्ह्याला आणि पेचकसाला टोकापर्यंत चिकटपट्टी गुंडाळायची. पॅकच्या दोन टोकांना लोखंडाचा तुकडा लागला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते, कारण मध्ये अडवायला फ्यूज नसतो. काम स्वयंपाकघरात नाही, झोपायच्या खोलीत नाही, नावेत तर नाहीच.

आग लागलीच तर लक्षात ठेवा: या आगीला बाहेरची हवा लागतेच असं नाही, आतली उष्णता एका सेलमधून दुसऱ्यात जाते. म्हणून भरपूर पाणी ओतून थंड करणं हाच उपाय. पावडरची बाटली ज्वाळा विझवते, पण पॅक थोड्या वेळानं पुन्हा पेटू शकतो. धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, तो फुप्फुसं जाळतो. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहा. धूर सोडणारा पॅक कोणीही शूर होऊन उचलायचा नाही.

पेटी न उघडता काय कळतं?

निम्मी तपासणी बाहेरूनच होते. लागतो फक्त एक साधा मल्टीमीटर.

आधी चार्जर बघा. पॅकला न लावता त्याच्या पिनवर व्होल्ट मोजा. १४ गटांच्या पॅकचा चार्जर साधारण ५८.८ दाखवायला हवा. शून्य दाखवला तर दोष चार्जरचा असू शकतो. मात्र काही चार्जर पॅक जोडल्याशिवाय व्होल्ट देत नाहीत, म्हणून दुसऱ्या सारख्याच पॅकवर लावून खात्री करा. मग कनेक्टर बघा. पिन काळी पडली, हिरवी झाली, प्लास्टिक वितळलं, तर तिथंच रोग आहे. फ्यूज बघा. सर्फबोर्डला किंवा मोटरला चुंबकाची सुरक्षा-दोरी असते, ती नीट बसल्याशिवाय यंत्र चालूच होत नाही, तीही बघा. हसू नका, "बॅटरी मेली" मधल्या काही तक्रारी इथंच मिटतात.

आता पॅकचे व्होल्ट. मोटरच्या टोकावर मोजा आणि चार्जिंगच्या टोकावर मोजा.

दोन्हीकडे पन्नासच्या आसपास आले, तर पॅकमध्ये जीव आहे; दोष मोटरचा, स्विचचा किंवा वायरचा. आणखी एक शक्यता: मोकळे असताना व्होल्ट चांगले, पण भार दिला की धाडकन पडतात. मग एखादा गट थकलाय किंवा कुठलं तरी वेल्ड सुटलंय.

मोटरच्या टोकावर शून्य, पण चार्जिंगच्या टोकावर व्होल्ट, म्हणजे राखणदारानं कडी लावली आहे. ओरिजिनल चार्जर लावून बघा, काही बीएमएस चार्जर लागला की कडी काढतात.

चार्जर लावल्यावर दहा मिनिटांत दिवा हिरवा होतो, आणि पाण्यात उतरल्यावर तेवढ्याच वेळात मोटर बंद? ही खूण पक्की. एक गट अशक्त झालाय. भरताना तोच आधी भरतो, रिकामा होतानाही तोच आधी होतो. बाकीचे १३ गट धडधाकट असले तरी माळ त्या एकाच्या चालीनं चालते.

पॅक हमीत असेल तर इथंच थांबा. सील तोडलं की हमी गेली. बिल शोधा आणि जिथून घेतला तिथं न्या.

पेटी उघडल्यावर

आधी फोटो काढा, चारी बाजूंनी. कोणती वायर कुठे होती हे नंतर आठवत नाही.

राखणदाराच्या बारीक वायरींच्या जोडावर एकेका गटाचे व्होल्ट मोजा आणि वहीत लिहा: गट १, गट २, असे १४. हीच आपली रक्त तपासणी. उदाहरण घेऊ. १३ गट ३.६२ व्होल्टवर आणि एक गट ०.९० वर. बेरीज ४७.९६. नुसत्या बाहेरच्या मीटरनं बघणारा म्हणेल, "अठ्ठेचाळीस व्होल्ट आहेत, पॅक तर चांगला आहे!" आतल्या वहीत मात्र एक गट मेलेला दिसतो.

पण खालचा आकडा दिसला म्हणून लगेच गटाला दोष देऊ नका. तीन कारणं असू शकतात.

पहिलं, बारीक वायर सुटलेली. शेजारशेजारचे दोन गट विचित्र दिसतात, एक २.९ आणि दुसरा ४.३. बेरीज ७.२, म्हणजे दोघांचे सरासरी ३.६. अशा वेळी मीटरची टोकं थेट सेलवरच्या निकेल पट्टीवर लावून मोजा. तिथं दोन्ही ३.६ आले तर सेल ठणठणीत. फक्त एक वायर पुन्हा जोडायची आहे. पॅक वाचला.

दुसरं, राखणदारच चोर. बीएमएस गटांची पातळी सारखी ठेवायला जास्त भरलेल्या गटातला करंट थोडा थोडा जाळतो. तिथला भाग बिघडून चालूच राहिला तर एकच गट दिवसरात्र गळतो. ओळखायचं कसं? बारीक वायरींचा जोड आधी काढा, मग बीएमएसची जाड वजा वायर. पॅक आठवडाभर तसाच ठेवा आणि पुन्हा मोजा. गट आता जिथल्या तिथे राहिला तर सेल निर्दोष आहेत, बीएमएस बदला. जोडताना क्रम उलटा: आधी जाड वजा वायर, मग बारीक जोड. क्रम चुकला तर नवी पाटी जळू शकते.

तिसरं, सेलच थकलेला. बीएमएस काढूनही गट उतरत राहिला, तर त्यातला निदान एक सेल आतून गळतोय. बाजूबाजूला जोडलेले असल्यामुळे तो एकटा इतर सातांनाही खाली ओढतो.

पावसाळ्यात काय होतं ते बघा

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. पर्यटनाच्या नावाही पुरात बांधून ठेवतात. हंगाम संपताना मोटर दमून बंद पडते आणि पॅक तसाच, जवळजवळ रिकामा, कोपऱ्यात जातो.

पण राखणदार झोपत नाही. तो पॅकमधूनच जेवतो. काहींची भूक अगदी नगण्य असते, पण ब्लूटूथवाले, दिवेवाले बीएमएस काही मिलीअँपिअर खातात. हिशेब करू. भूक ५ मिलीअँपिअर, पॅक २० अँपिअर-तासांचा, आणि ठेवताना १० टक्के शिल्लक, म्हणजे २ अँपिअर-तास. दोन हजार भागिले पाच, चारशे तास. म्हणजे सतराव्या दिवशी पॅक तळाला! बंदीचे दिवस एकसष्ट. उरलेल्या चव्वेचाळीस दिवसांत सेल खोल जातात. नारळी पौर्णिमेला पूजा करून काढावं तर पॅक उठत नाही.

सेल २ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला की आतली तांब्याची पातळ पत्री विरघळायला लागते. पुन्हा चार्ज केलं की तेच तांबं भलत्या जागी जमतं आणि आतल्या आत दोन टोकं जोडतं. असा सेल चार्ज झाल्यासारखा दिसतो, आठवडाभर चालतोही, आणि एका रात्री पेट घेतो. म्हणून "झटका देऊन उठवतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीपासून लांब राहा. बीएमएसला वळसा घालून थेट चार्जर जोडणं ही दुरुस्ती नव्हे.

उपाय फुकटचा आहे. बंदीआधी पॅक अर्धा भरून ठेवा, प्रत्येक सेल ३.७ ते ३.८ व्होल्ट. पूर्ण भरूनही नको, रिकामा तर नकोच. महिन्यातून एकदा मोजा. निमाडच्या उन्हात पत्र्याच्या खोपीत ठेवू नका, घरातल्या थंड कोपऱ्यात, पण दाराच्या वाटेत नाही. नदीवरून आणलेला गरम पॅक तासभर निवू द्या, मग चार्जिंगला लावा.

पाणी शिरलं असेल तर

पेटीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ "पाण्यात काहीही करा" असा नाही. १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही पेटी नवी असताना आणि पाणी स्थिर असताना. आपल्या कामात पेटी तापते, मग एकदम थंड पाण्यात बुडते. आतली हवा आकसते आणि रबरी रिंगच्या बारीकशा फटीतून पाणी आत ओढून घेते. रिंगवर वाळूचा एक कण, एक केस, तेवढं पुरतं. म्हणून दर वेळी रिंग पुसायची, सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवायचा, आणि तडा गेला की बदलायची.

नर्मदेचं गोडं पाणी आणि मालवणचं खारं पाणी यांत फरक आहे. खाऱ्या पाण्यातून करंट जोरात वाहतो आणि काही तासांत पट्ट्या कुरतडल्या जातात. गोड्या पाण्याचं काम हळू चालतं, म्हणून ते जास्त फसवं. पॅक दोन आठवडे चालतो आणि मग जातो. सप्टेंबर २०२३ च्या पुरात सरदार सरोवराचा फुगवटा धार जिल्ह्यात निसरपूर भागात घरांत शिरला होता. अशा पुरात बुडालेला कुठलाही लिथियम पॅक, नावेचा असो की ई-स्कूटरचा, वरून कोरडा दिसला तरी चार्ज करायचा नाही. तांदळात ठेवून, उन्हात ठेवून, हेअर ड्रायर मारून मीठ आणि गाळ जात नाही. तो ५० फूट लांबच.

नुसती आत दमट वाफ धरली असेल, बीएमएसवर पांढरी-हिरवी बुरशी असेल आणि सेल कोरडे असतील, तर सेल वाचायची आशा आहे. सेलच्या अधिक टोकाकडे, टोपीच्या कडेला बघा. तिथं गंज धरलेला सेल बाद, व्होल्ट कितीही चांगले असोत.

सेल निवडायचे कसे?

समजा ११२ पैकी एक गट, म्हणजे ८ सेल गेले. उरले १०४. हे सगळे घ्यायचे का? नाही. सेल सोडवायचं आणि वेल्ड करायचं काम अनुभवी माणसाचं. आपण त्याच्याकडून कोणत्या कसोट्या लावून घ्यायच्या ते बघा.

पहिली, व्होल्ट. ३ च्या वर असेल तो पुढे जातो. अडीच ते तीनमधला अगदी हळू, नजरेखाली भरून बघायचा. अडीचच्या खालचा आपण सोडून द्यायचा. दोनच्या खालचा तर घरातही ठेवायचा नाही.

दुसरी, गरमी. भरताना हाताला गरम लागला तो बाद.

तिसरी, टिकाव. पूर्ण भरून दोन ते चार आठवडे नुसता ठेवायचा. सगळे सेल थोडे थोडे उतरतात, ते चालतं. भावंडांपेक्षा जास्त उतरला तो बाद. ही कसोटी सगळ्यात महत्त्वाची, आणि घाईत हीच गाळली जाते.

चौथी, ताकद. भरून, रिकामा करून किती अँपिअर-तास निघाले ते मोजायचं. नव्याच्या ८० टक्क्यांवर असेल तो चांगला. साठच्या खाली असेल तर कष्ट वाया.

पाचवी, आतला अडथळा, मिलीओहममध्ये. नव्याच्या दुप्पट झाला तर तो भाराखाली तापणार. बाद.

वेळेचा हिशेबही करा. चार खोबण्यांच्या टेस्टरवर एका फेरीला दहा-बारा तास. १०४ सेल म्हणजे २६ फेऱ्या. दिवसाला एक फेरी धरली तर महिना. हा महिना कोणाचा, त्याची मजुरी कोण देणार, हे आधी ठरवा. पॅक लहान असेल तर नवा घेणंच स्वस्त पडतं, आणि तसं सांगणारा मिस्त्री प्रामाणिक समजा.

दोन गोष्टी नकोत. थकलेल्या गटात एक नवा सेल घालणं नको. म्हाताऱ्या बैलांसोबत तरणा खोंड जुंपल्यासारखं होतं. आणि सेलवर थेट सोल्डर नको, उष्णतेनं आतला पडदा बिघडतो. पट्टी स्पॉट वेल्डनंच लावायची, तीही खऱ्या निकेलची. पट्टीवर ओरखडा मारून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर आत लोखंड आहे, परत करा.

वाचलेल्या सेलचं काय करायचं?

आमचं मत स्पष्ट आहे. वाचवलेला सेल पुन्हा माणूस ओढायला पाण्यात उतरवायचा नाही. पर्यटकाला बसवायच्या बोर्डमध्ये नाही, भर नदीत जाणाऱ्या मोटरमध्ये नाही. तिथं जोराचा करंट लागतो, पाणी लागतं, आणि चूक झाली तर जीव जातो. पर्यटकाच्या जिवाची जबाबदारी बोटमालकावर येते, हे वेगळं सांगायला नको.

त्याला हलकं काम द्या. तीन गट माळेत आणि प्रत्येकात ५ सेल, म्हणजे १५ सेलचा छोटा पॅक. भरल्यावर १२.६ व्होल्ट, त्यामुळे १२ व्होल्टचा एलईडी दिवा चालतो. अडीच अँपिअर-तासाचा सेल ८० टक्क्यांवर धरला तर पॅकमध्ये साधारण ११० वॅट-तास. १० वॅटचा दिवा रात्रभर, दहा तास. १०४ पैकी ९० सेल कसोटीला उतरले तर असे सहा पॅक होतात. सहा घरांना घाटावर जाळी सोडवायला, मासे तोलायला उजेड. प्रत्येकाला स्वतःचा छोटा बीएमएस आणि फ्यूज हवाच, आणि चार्जिंग माणूस जागा असतानाच.

उरलेलं नदीत नाही, भंगारात नाही

बाद झालेल्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवा, बादली घराबाहेर. नदीत टाकलेल्या सेलमधली रसायनं आणि कोबाल्ट-निकेलसारखे धातू पाण्यात आणि गाळात उतरतात. त्याच गाळावर मृगळ चरते, आणि तीच मृगळ आपण बाजारात नेतो.

केंद्राचे बॅटरी कचरा नियम २०२२ साली आले. २००१ च्या जुन्या नियमांच्या जागी आलेल्या या नियमांत लिथियमही आहे, आणि वापरलेली बॅटरी परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणजे पॅक बनवणाऱ्याला किंवा आयात करणाऱ्याला "परत घ्या" म्हणणं ही मेहेरबानी मागणं नाही. घातक कचरा म्हणजे काय हे धार जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला आला आणि त्याच वर्षी तिथं जाळला गेला. एवढ्या वर्षांनी, एवढ्या वादानंतर. कचरा सुरुवातीलाच नीट ठेवला नाही तर तो नातवंडांच्या दारात येतो.

एकेकट्या घराकडे चार सेल जमतात, त्यासाठी कोणी गाडी पाठवत नाही. संस्थेनं गोळा केले तर पाठवतं. म्हणून सगळ्या मच्छीमार संस्थांना आमची सूचना: एक पत्र्याचा डबा, वाळू, वर झाकण, बाहेर सावलीत. वहीत नाव आणि तारीख. एवढ्यानं सुरुवात होते.

शेवटचं, पण पहिलं

धरणाखालच्या पाण्यावर नाव चालवणाऱ्यांना ७ एप्रिल २००५ विसरता येत नाही. देवास जिल्ह्यातल्या धाराजीच्या घाटावर यात्रा होती, वरून इंदिरा सागरचं पाणी सुटलं आणि माणसं वाहून गेली. पाणी वाढायला लागल्यावर काठाला यायला मिनिटं मिळतात, तास नाही. अशा वेळी राखणदारानं कडी लावली तर तुम्ही त्याच्याशी भांडू शकत नाही.

म्हणून बॅटरीच्या नावेत वल्हं असलंच पाहिजे, दोर आणि नांगर असलाच पाहिजे, प्रत्येकाच्या अंगात जॅकेट असलंच पाहिजे. परतीला लागेल तेवढं चार्जिंग राखून निघायचं: अर्धं संपायच्या आत तोंड वळवायचं, आणि प्रवाहाविरुद्ध परतायचं असेल तर एक तृतीयांश संपतानाच.

तुमच्याकडे बंद पडलेला पॅक असेल तर तो उघडू नका. लेबलचा फोटो, दोन्ही टोकांचे व्होल्ट, आणि तो कसा बंद पडला हे चार ओळींत लिहून आपल्या संस्थेच्या कार्यालयात द्या. पावसाळ्याच्या बंदीआधी हा लेख घरातल्या पोरांना वाचून दाखवा, कारण चार्जिंगला लावायचं काम बहुतेक त्यांच्याकडेच असतं.